गुलाब फिरेना

"काऊन हो साहेब, मॅडम बोलत नाही का?"

"त्या कार्ड बसवायला आल्यात. भाषण द्यायला नाही."

पहिला आवाज मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरचा, दुसरा कारखान्याच्या मालकांचा. मी त्या वेळी टेबलाखाली गुडघ्यांवर बसले होते आणि तोंडात छोटी टॉर्च धरली होती. त्यामुळे उत्तर द्यायचं मनात असतं तरी देता आलं नसतं. टॉर्च नसती तरी मी ते दिलं नसतंच, पण टॉर्चमुळे अब्रू राहिली.

कारखाना म्हणजे धायरीतली एक पत्र्याची शेड. तिथे साबणाचे साचे बनत. साबणाच्या वडीवर गुलाब उठलेला असतो, तो आधी पितळेत उलटा कोरावा लागतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं. कोरायचं काम मशीन करायचं आणि मशीनला हुकूम सोडायला शेजारी एक कॉम्प्युटर होता. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो गुलाब पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येई. म्हणजे यायला हवा होता. जुन्या कॉम्प्युटरला एवढं झेपत नव्हतं. गुलाब फिरव म्हटलं की तो एकेक पाकळी विचार करून काढायचा. साबणवालं गिऱ्हाईक डिझाइन पसंत करायला यायचं आणि खुर्चीत पेंगायचं. म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं, ते आमच्या ऑफिसने विकलं आणि बसवायला मला पाठवलं.

माझ्याबरोबर शिकलेल्या मुली सकाळी कंपनीच्या एसी बसने हिंजवडीला जात. मी स्वारगेटहून खडकवासल्याची बस धरायचे. कारखान्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मला नोकरी मिळाली होती आणि तिचा मोठा फायदा मला असा वाटला होता की कॉम्प्युटरशी बोलावं लागत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलायचो, पण बाहेरच्या मोठ्या माणसांसमोर माझं मराठी घशात अडायचं. काका म्हणावं की सर? तुम्ही की आपण? एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतलं आधी कुठलं येतं? हे सगळं ठरेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. हळूहळू मी मुद्दामच तेवढा वेळ लावू लागले.

आमच्या साहेबांनी निघताना सांगितलं होतं, "हे जमलं तर तुला बाहेरच्या कामांवर ठेवतो. नाही तर तू ऑफिसात बसून फोन घे. दिवसभर तेच." दुसऱ्या कुणाला यात पंख्याखालची सुखाची नोकरी दिसली असती. घरी फोन वाजला की मी बाथरूममध्ये जाऊन हात धुवायला लागायचे. आई म्हणायची, एवढी स्वच्छ मुलगी साऱ्या पेठेत नसेल.

तेव्हा ते कार्ड चालणं भागच होतं.

आणि ते चाललंही. कार्ड स्लॉटमध्ये बसलं, मॉनिटरची केबल जुन्या सॉकेटातून काढून कार्डाच्या सॉकेटात लावली, सीडीवरचा ड्रायव्हर घातला. पडद्यावर गुलाब आला आणि भोवऱ्यासारखा फिरला.

"अरे बाप्पा," ऑपरेटर म्हणाला. तो अमरावतीकडचा होता आणि मनात येईल ते सगळं बोलायचा. त्याने गुलाब उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला, उलटा केला. मालक चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले आणि म्हणाले, "फिरतोय खरा. आता जेवायच्या आधी बंद करा, नाही तर त्याला चक्कर येईल."

जेवून आलो. कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळा.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, गुलाब उमलला होता ना मघाशी?"

मी टॉर्च तोंडात धरली.

कॅबिनेट भिंतीला चिकटून होतं. ते पुढे ओढायचं तर आधी मागची केबल चाचपडत सोडवावी लागे. ती सोडवली, कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले, पुन्हा बसवलं, केबल लावली. गुलाब आला. मला खोडरबराबद्दल फार आदर वाटला.

चहाची सुट्टी झाली. पडदा काळा.

"मॅडम, याले खाणं-पिणं मानवत नाही," ऑपरेटर म्हणाला. "आपण उपाशी राहिलो का चालते, आपण घोट घेतला का बसते."

"कामगार चळवळीतलं दिसतंय," मालक म्हणाले. मग त्यांनी आमच्या साहेबांना फोन लावला आणि मला ऐकू येईल इतक्या सभ्यपणे सांगितलं, "मुलगी चांगली आहे हो तुमची. शांत आहे. कार्डही शांतच आहे." साहेबांचा निरोप आला तो असा: उद्या जेवणापर्यंत बघ, नाही तर दुसऱ्या मुलाला पाठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं पुन्हा केलं, गुलाब पुन्हा फिरला, आणि जेवणाची घंटा झाली. आदल्या दिवशी बाहेर बाकावर बसून जेवताना ऑपरेटरने मला गाव कोणतं, भाऊ किती, लग्नाचं काय, असं ओळीने विचारलं होतं आणि मी प्रत्येक वेळी तोंडात घास भरला होता. तेवढे घास माझ्या डब्यात नसायचे. म्हणून या वेळी मी मशीनच्या मागे, पितळेच्या पट्ट्या रचल्या होत्या तिथे एका खोक्यावर डबा उघडला. तिथून मला सगळं दिसत होतं आणि मी कुणाला दिसत नव्हते. माझ्या मते बसायला हीच योग्य जागा.

ऑपरेटर हात धुवायला गेला आणि मालकांची फेरी सुरू झाली.

त्या कारखान्यात शिस्त होती. भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक पान्याची, हातोड्याची पिवळ्या रंगात काढलेली आकृती. प्रत्येक सुट्टीच्या आधी प्रत्येक वस्तू आपापल्या आकृतीत जायची, आणि गेली की नाही हे मालक स्वतः बघत. हे मला माहीत होतं. शेडमध्ये जिथे तिथे तो पिवळा रंग होता, त्यामुळे मॉनिटरच्या केबलवर त्याचा ठिपका दिसला तेव्हा मला तो सांडलेला वाटला होता.

मालकांनी एक पाना सरळ केला. मापं घ्यायचं व्हर्निअर पेटीत ठेवलं. कॉम्प्युटरजवळ आले, कमरेवर हात ठेवून वाकले, टेबलाखाली डोकावले आणि च्यक् केलं. मग हात मागे घालून त्यांनी कार्डातली केबल सोडवली आणि जुन्या सॉकेटात लावली. त्या सॉकेटाभोवतीही पिवळी रेघ होती. त्यांनी दोन्ही स्क्रू पिळून घट्ट केले, उठून हात झटकले, आणि घर आवरून झाल्यावर माझ्या आईचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

कार्ड बसल्यापासून त्या जुन्या सॉकेटातून चित्र येतच नव्हतं, आणि दर वेळी केबल चाचपडत सोडवल्यामुळे ती तिथून निघतेय हे मला कळलंच नव्हतं.

सगळ्यात आधी मला वाटलं, गुपचूप जाऊन केबल पुन्हा लावावी. कुणाला काही बोलायला नको. पण चहाला ते पुन्हा काढणार. उद्याही काढणार. मी रोज धायरीला येऊन केबल लावत राहिले असते तरच हे न बोलता निभलं असतं, आणि तो बेतही मी क्षणभर मनात आखून पाहिला.

मग मी वाक्य जुळवायला घेतलं. आधी इंग्रजीत. ते फारच नम्र झालं, आणि मराठीत आणताना त्याचा अर्थ असा झाला की चूक केबलची आहे. सर, आपल्याकडून. काका, तुमच्या हातून. आपल्या हस्ते म्हटलं तर उद्घाटन वाटत होतं.

तोपर्यंत जेवण संपलं होतं. ऑपरेटरने बटण दाबलं. काळा पडदा. तो म्हणाला, "घ्या. जेवलं हे पण."

मालकांनी टेबलावरचा फोन उचलला आणि नंबर फिरवला. "नमस्कार. अहो, तुमचं कार्ड घेऊन जा. आणि त्या दुसऱ्या मुलाला..."

"काका," मी म्हणाले.

ते थांबले. ऑपरेटर वळला. फोनमधून आमच्या साहेबांचं हॅलो हॅलो ऐकू येत होतं.

"काका, केबल तुम्ही काढता."

"मी?" मालकांनी फोन छातीशी धरला. "मी वस्तू जागेवर ठेवतो. म्हणजे हे माझ्यामुळे होतंय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी टेबलाखाली हात घातला, दोन्ही स्क्रू सैल करून केबल काढली आणि कार्डात लावली. पडदा उजळला.

"हो, तुमच्यामुळेच," मी म्हणाले. "तिची जागा आता ही आहे. इथेच राहू द्यायची."