सोनाजीमामांची नऊ ते अकरा मिनिटं

सोनाजीमामा हातमोजा चढवून मिक्सरमधल्या ओल्या पावडरीची मूठ वळायचे आणि तो मुटका अंगठ्याने मोडायचे. मधोमध तुटला की मिक्सर बंद. भुगा झाला की, "अजून फिरू द्या, मॅडम." जालन्याच्या एमआयडीसीतल्या गोळ्यांच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहून हबकले. माणूस औषध बनवतोय की भाकरीचं पीठ मळतोय, तेच कळेना.

मामा वाटूरचे. वडील मेंढ्या राखायचे. मामा मात्र वीस वर्षं त्या एका मिक्सरवर. मी घाई केली की म्हणायचे, "मालाला पाणी पेऊ द्या बिलकुल. बकरू पाणी पेऊन राह्यलं असताना कुणी दोरी ओढतं का?" मी हसायचे. पण त्यांच्या हातची बॅच कधी बिघडली नाही, हेही खरं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मशीन लर्निंग आणलं. जुन्या बॅचच्या नोंदींवरून संगणकाने शिकायचं आणि माल किती वेळ फिरवायचा ते आधीच सांगायचं. नोंदी भरायचं काम माझ्याकडे आलं. मामांच्या नोंदी इतक्या नेटक्या, की प्रत्येक बॅच कागदावर छापलेल्या मर्यादेत, नऊ ते अकरा मिनिटांत बसलेली. मला कोण आनंद झाला. ऐन उन्हाळ्यात संगणकाने पहिल्या बॅचला वेळ दिला, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. मी मामांना मूठ वळू दिली नाही.

त्या बॅचच्या गोळ्यांची वरची चकती सुटून पडायला लागली. दुसरी बॅचही तशीच. मॅनेजरसाहेब म्हणाले, म्हातारा मुद्दाम बिघडवतोय. मलाही तेच वाटलं होतं. मी मामांना बाजूला घेऊन चांगलंच फैलावर घेतलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, नऊ-दहा मिनिटं दरवेळी कशी लागतील? पावसाळ्यात सातात होतं. उन्हाळ्यात चौदा लागतेत."

"मग कागदावर?"

"कागदावर छापलंय तेच लिवत गेलो. एकदा चौदा लिवलं, तर तुम्हीच म्हणल्या, मर्यादेबाहेरचं लिहू नका, तपासणीत अडकू. मंग मी अकरा केलं. तवापासून तसंच."

मला ते बोलणं लख्ख आठवलं. त्या प्रत्येक कागदावर तपासणारी म्हणून माझी सही होती. आम्ही दोघांनी मिळून संगणकाला वर्षानुवर्षांचं खोटं शिकवलं होतं.

बिघडलेल्या बॅचची चौकशी झाली, तेव्हा मामांनी खऱ्या वेळा साहेबांनाही सांगितल्या. खोट्या नोंदी म्हणजे सरळ नोकरीवर गदा. मॅनेजरसाहेबांनी मामांना विचारलं, "असं लिहायला कोणी सांगितलं?" मामांनी मान माझ्याकडे वळवली. मी त्यांच्या शेजारीच उभी होते आणि टेबलाकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "कोनी न्हाई, साहेब. माझ्याच मनानं."

त्याच आठवड्यात त्यांना काढलं. मला फक्त नोटीस मिळाली, नीट तपासलं नाही म्हणून. लाज वाटत होती, तरी शेवटच्या दिवशी मी फाटकापाशी त्यांना गाठलं. "मामा, माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही सांगताल म्हणून थांबलो व्हतो, मॅडम."

ते रस्ता ओलांडून बसस्टॉपकडे चालायला लागले.