माझं विसरणं भिडूच्या नावावर

“वसंता, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बदामचा एक्का गेला म्हणून तूच सांगितलंस ना!”

ओरडणारा मी. नौपाड्यातल्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मेंढीकोटाचा डाव रंगलेला, आणि माझा आवाज असा लागला की पार तिकडे कोपरीत कुकरची शिट्टी व्हायची थांबली असेल. हे ओरडणं सगळ्यांनी ऐकलं. त्यामागे काय होतं, ते मात्र परवापर्यंत मी कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मेंढी म्हणजे दश्शी. आपल्या दश्श्या सांभाळायच्या, समोरच्यांच्या पकडायच्या. त्यासाठी कोणतं पान गेलं, कोणतं उरलं, सगळं डोक्यात ठेवायचं. मेंदूला गंज चढू नये म्हणून आम्ही म्हातारे रोज संध्याकाळी तेच करायचो. वसंता माझा भिडू.

आणि मी? मी म्हणजे कट्ट्याचा कॉम्प्युटर! दिडकी-अडीचकीचे पाढे अंघोळ करता करता म्हणणारा — तेही उलटे, बादली भरायच्या आत. मेंदूच्या डॉक्टरने माझ्या डोक्याचा फोटो बघून विचारलं, “आजोबा, चुकून नातवाचा आणलात का?” ही थाप मी इतक्यांदा मारली की पुढे पुढे मला त्या डॉक्टरचा चेहराही दिसायला लागला. खरं सांगू? डॉक्टरकडे मी गेलोच नव्हतो. जायची भीती वाटत होती.

कारण मी विसरायला लागलो होतो. भाजीवाल्यासमोर पिशवी घेऊन उभा — आणि काय घ्यायला आलोय, ते काही केल्या आठवेना. तिथेही भाव पाडायचं नाटक करून वेळ काढायचा. सांगणार कोणाला? लोक ज्याला कॉम्प्युटर म्हणतात, त्याने?

तर त्या संध्याकाळी एक्का गेला असं मला वाटलं आणि मी बदामची दश्शी उतरलो. दुसऱ्या जोडीतल्या एकाने शांतपणे एक्का ठेवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॉम्प्युटर चुकला? — आणि मी ओरडलो. वसंता अख्ख्या डावात एक अक्षर बोलला नव्हता. पण तो सरळ माणूस. त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं आणि हळूच म्हणाला, “म्हणालो असेन रे.”

तिथे तरी थांबायचं. नाही थांबलो.

मग माझी प्रत्येक चूक त्याच्या खात्यावर. भेटायची वेळ मी विसरायचो, चष्मा मी हरवायचो, हुकूम कोणता ते माझ्या ध्यानातून जायचं — आणि मी त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचो, वसंता, म्हातारा झालास बरं का! लोक हसायचे. तोही हसायचा. मग हसेनासा झाला. पान टाकण्याआधी माझ्याकडे बघायला लागला — टाकू ना रे, असं. स्वच्छ डोक्याचा माणूस, आणि त्याचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास मी रोज थोडा थोडा कुरतडत होतो. वर — हेही कबूल करतो — तो चाचपडला की मला बरं वाटायचं.

याहून वाईट पुढेच आहे. एक दिवस त्याच्या सुनेचा, मंजिरीचा, फोन आला. काका, तुम्ही रोज बरोबर असता, बाबा खरंच इतकं विसरतात का? किती सोपं होतं तेव्हा! एक ‘नाही’ पुरला असता. मी आवाज जड करून म्हणालो, “जपा हो त्यांना.”

त्यांनी जपलं. तो राहतो त्या बाळकुमच्या टॉवरमधून त्याचं एकट्याने खाली उतरणं बंद झालं. किल्ल्या गेल्या, बँकेचं कार्ड गेलं, कट्टा गेला. कट्ट्यावर मला दुसरा भिडू मिळाला. लोक मला अजून कॉम्प्युटरच म्हणतात.

परवा मात्र ठरवलं — बस. वसंताच्या आड लपायचं नाही. आधी डॉक्टरकडे गेलो, या वेळी खरोखर, आणि काय काय विसरतो ते एकेक सांगितलं. औषध देईल ते घेईन, सांगेल तो व्यायाम करीन, डोकं झिजेपर्यंत वापरीन. पण माझं विसरणं यापुढे माझ्याच नावावर राहील. तिथून रिक्षा केली ती थेट बाळकुमला.

दार कामवालीने उघडलं. वसंता एकटाच गॅलरीत बसला होता. मंजिरी ऑफिसला गेलेली. मी सगळं सांगितलं — एक्का, चष्मा, तो फोन. एकही थाप नाही. माफी मागितली नाही. कोणत्या तोंडाने मागणार? तो खाली रस्त्याकडे बघत शेवटपर्यंत ऐकत राहिला.

मग म्हणाला, “हे मंजिरीला सांग. माझं या घरात आता कोणी खरं धरत नाही.”