सशाची खरूज आणि सासूबाईंची गोधडी

नव्वदच्या दशकात आम्ही सातपूरला राहायचो. सासूबाई गेल्या आणि सासरे गप्पच झाले. कंपनीतून रिटायर झालेला माणूस, दिवसभर नुसता भिंतीकडे बघत बसायचा. शेवटी मी एक ससा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. तेव्हापासून सशाला कोथिंबीर घातल्याशिवाय स्वतः घास घेईनात. बोलायलाही लागले, सशाशी का होईना.

आणि नेमकी त्या सशालाच खरूज झाली! कानांत खपल्या, खाजवून खाजवून रक्त. त्यानं खाणं सोडलं, तसं सासऱ्यांनीही सोडलं. शेजारीण म्हणते, "सोडून द्या कुठंतरी लांब, पोरांना लागेल." म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा!" पण आतून टरकले होते. ससा गेला तर म्हाताराही हातचा जाणार, हे मला दिसत होतं.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशींच्या रांगेत पिशवीत ससा घेऊन उभी राहिले. लोक हसले. हसा मेल्यांनो! डॉक्टरांनी म्हशींचंच खरजेचे किडे मारायचं औषध, आयव्हरमेक्टिन, थेंबभर काढून सशाच्या कातडीखाली टोचलं. खपल्या गळाल्या, दुसरी सुईही झाली, माझा जीव भांड्यात पडला. महिन्याभरात पुन्हा खाजवणं सुरू! या खेपेला सासरेही माझ्याबरोबर दवाखान्यात आले.

"बसतो कशावर हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"धुतलेल्या गोणपाटावर," मी ठणकावून सांगितलं.

सासरे खाली बघत पुटपुटले, "सूनबाई कामावर गेली की मी आमच्या हिची गोधडी अंथरतो. तिच्या लुगड्यांची हाय. मऊ लागते त्याला."

मी कपाळावर हात मारला.

"किडे तिथंच राहिलेत," डॉक्टर म्हणाले. "आधी ती उकळा नाहीतर जाळा, मगच सुई."

घरी आल्यावर भांडणार होते, पण ती विरलेली गोधडी हातात घेतली आणि राग कुठल्या कुठे गेला. "उकळून बघू ना, बाबा," मी म्हणाले.

"चिंध्या होतील तिच्या," ते म्हणाले. "आणि तुझ्या सासूनं कुणाला असं खाजवत ठेवलं असतं का गं?"

त्यांनी स्वतःच ती बंबाच्या जाळात घातली. तिच्यावर तापलेल्या पाण्यानंच अंघोळ केली. कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत. मी दाराबाहेर उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

बाहेर आले तेव्हा डोळे लालबुंद होते. "धूर लय झाला," म्हणाले आणि सशाला उचलून पिशवीत ठेवलं. "चल पोरी, सुई टोचून आणू याला."