सहा थर आणि सातवं पाणी

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगते, कारण ती पदवी घ्यायला काय मोल पडलं ते मला ठाऊक आहे. बी.एस्सी., भूगर्भशास्त्र घेऊन. बेळगाव आणि खानापूरच्या मधल्या गावातून रोज सकाळी उभ्यानं बसचा प्रवास, डब्यात भाकरी आणि चटणी, वर्गात आम्ही दोघीच मुली. माझे वडील विहिरी खणायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांचे वडीलही खणायचे. आमच्यात वर बसून काम केलेला माणूस नव्हता.

आम्ही ख्रिस्ती. गावाच्या कडेला आमची पंधरा-सोळा घरं आणि कौलारू छपराचं एक लहान चर्च. फलकावर वर कन्नड, खाली मराठी, आत भक्ती मराठीत. आमच्यात बायबलला शास्त्र म्हणतात आणि कॉलेजात शिकवतात त्याला सायन्स, त्यामुळं बाहेरच्या माणसाला घोटाळा होतो, आम्हाला कधी झाला नाही.

आप्पा शाळेत गेले नाहीत. जुन्या पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बायकोनं त्यांना चर्चच्या ओट्यावर बसवून अक्षरं शिकवली, तेव्हा ते पस्तिशीचे होते आणि मी तिसरीत होते. आम्ही दोघांनी जोडाक्षरं एकाच वर्षी शिकली. पुढं रविवारचा उतारा वाचायचं काम त्यांच्याकडं आलं आणि बारा-तेरा वर्षं राहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते पुढं जायचे, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायचे. मोठा शब्द आला की थांबायचे, आणि सगळी मंडळी त्यांच्याबरोबर थांबायची. बाकी आठवडाभर लोक त्यांच्याशी विहिरीच्या काठावरून खाली वाकून बोलायचे. त्या पाच मिनिटांत मान वर करून त्यांच्याकडं बघायचे. आप्पांकडं आणखी काही नव्हतं. शेत नव्हतं, बँकेत नाव नव्हतं. वाचन होतं.

मी पहिल्या वर्षाला असताना मंडळीतल्या कुणीतरी त्यांच्या कानात घातलं, की दगडांच्या त्या विषयात देव नाही असं शिकवतात. संध्याकाळी जेवायच्या आधी त्यांनी मला समोर बसवलं.

"काय गं, पृथ्वी कोटीनं वर्सांची हाय म्हणून शिकवत्यात म्हणं?"

"होय."

"आन शास्त्रात तर सहा दिसांत केली म्हणून हाय."

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. माझं कॉलेज त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं, हे तिघांनाही कळत होतं. मी तयारीत होते. कॉलेजच्या लायब्ररीत एक जुनी पुस्तिका सापडली होती. कुणा भाविक माणसानं त्यात एकेका दिवसाला एकेक युग जोडून दिलं होतं. मी त्यातली दोनच पानं वाचली. मला तेवढंच हवं होतं.

"आप्पा, सूर्य कितव्या दिवशी केला?"

"चौथ्या."

"मग पहिले तीन दिवस कुणी मोजले? सूर्यच नाही तर दिवस केवढा ते कसं कळणार? लाख वर्षांचाही असेल."

ते बोटानं चटईची काडी मोडत बसले. मग हसले.

"लई शाणी झालीस की गं तू. मला हे सुचलंच न्हाय कधी." आणि आईला म्हणाले, "वाढ. पोरीला सकाळी बस हाय."

माझं काम झालं. त्यांचं तिथून सुरू झालं.

आता विहीर खणण्याचं सांगायला हवं. आमच्या भागात वर लाल माती. तिच्याखाली जांभा, ज्याचे चिरे कापून घरं बांधतात. त्याखाली पांढरट चिकट माती, पायाला धरून ठेवणारी. मग मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे पहारीनं फुटणारा मऊ खडक. शेवटी काळा खडक, त्याला सुरुंगच लागतो. त्याच्या फटीत पाणी लागतं. आणि खणणाऱ्यांची रीत अशी, की पाणी लागलं की त्या दिवशी पुढं एक घाव घालायचा नाही. पहारी वर, घमेली वर, माणसं वर. दुसरा दिवसही सुट्टी. मालक कुठल्याही जातीधर्माचा असो, कितीही घाईत असो, तो बोलत नाही. का, ते कुणी सांगत नाही. पाण्याला आपसूक येऊ द्यावं, एवढंच म्हातारे म्हणायचे.

मी शेवटच्या वर्षाला असताना आप्पा शेजारच्या गावात एकाच्या उसात विहीर खणत होते. सुट्टीचा दिवस म्हणून मीच जेवण घेऊन गेले. ते माती वर ओढायच्या यारीच्या दोराला धरून वर आले, हात धुतले आणि भाकरीचं फडकं न सोडताच मला काठावर नेलं.

"मोज."

"काय मोजू?"

"थर मोज की. सायन्स शिकतीस न्हवं?"

मी मोजले. सहा.

"सहा थर," ते म्हणाले. "आन सातवं पाणी. सातव्याला काम बंद. आमच्या बा-आज्यानं ही रीत कुठनं आणली असंल? देवानं एकेका दिसाला एकेक थर घातला आन सातव्याला थांबला. तू म्हणालीस न्हवं, दिवस लांब असतोय? हे बघ, एवढा लांब असतोय." त्यांनी हातानं जांभ्याची जाडी दाखवली.

मी म्हणाले, "छान आहे, आप्पा."

चूक आहे हे मला तेव्हाच दिसत होतं. काळा खडक सगळ्यांत जुना. त्याच्यावरचे बरेच थर तो खडकच कुजून तयार झालेले. म्हणजे हिशेब लावायचाच तर आप्पा सहाव्या दिवसाकडून पहिल्याकडं खणत होते. शिवाय सहा थर आमच्या गावचे. निपाणीकडं गेलं तर वर काळी माती, जांभ्याचा पत्ता नाही, मोजणी तिथंच मोडते. आणि मूळ गोष्टच जुळत नाही. शास्त्रातल्या सृष्टीच्या अध्यायात झाडं आधी आणि सूर्य मागून. पक्षी आधी आणि जमिनीवरची जनावरं मागून. दिवस कितीही ताणला तरी क्रम काही बदलत नाही. पुस्तिकेतल्या माणसानं हे कसं गिळलं कोण जाणे. मी तोवर जोडाजोडी सोडून दिली होती. देवाला सोडलं नव्हतं, पण त्याला खडकात शोधायचं सोडलं होतं. यातलं एक अक्षर मी आप्पांना सांगितलं नाही. ते खुशीत होते आणि माझी परीक्षा जवळ आली होती. खरं कारण दुसरं. हे सांगितलं असतं तर चुलीपुढचं माझं बोलणंही उघडं पडलं असतं.

पदवी झाली, बी.एड. झालं, एका हायस्कुलात मला नोकरी लागली. त्या वर्षी आमच्या चर्चला नवे पाळक आले. तरुण, शिकलेले, शुद्ध बोलणारे. कापणीच्या सणाला चर्चमध्ये भाताच्या पेंढ्या, ऊस, भोपळे असं सगळं मांडलेलं होतं. वाचनाला सहा दिवसांचा तोच, उत्पत्तीचा पहिला अध्याय. आप्पांनी तो वाचला, पुस्तक मिटलं, आणि खाली यायच्या ऐवजी बोलायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लाल मातीपासून पाण्यापर्यंत सगळं सांगितलं.

"आगं बाई, खरंच की!" पुढच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली.

मागून आप्पांचा जुना जोडीदार ओरडला, "आप्पा, आमच्या हिरीला पाणीच लागलं न्हाय. म्हंजे तिथं सातवा दिस आलाच न्हाय म्हणायचा!"

"तुझ्या हिरीत देव अजून काम करतोय," आप्पा म्हणाले. "मधी मधी बोलू नगंस त्याला."

सगळं चर्च हसलं. पाळक हसले नाहीत. आणि आप्पा बाकाकडं येता येता म्हणाले, "हे माझ्या डोस्क्यातलं न्हाय. लेकीनं वाट दाखवली. ती त्याच विषयाची हाय."

पुढच्या रविवारी भक्तीनंतर मागच्या खोलीत बैठक बोलावली. पाळक, चर्चचे चार पंच, आप्पा आणि मी. आप्पांना कुणी बस म्हणालं नाही असं नव्हे, ते आपणहून उभे राहिले. पाळकांना मी वाईट म्हणणार नाही. ते शांतपणे बोलले. शास्त्रातला दिवस हा दिवसच आहे, एकदा तो ताणायला परवानगी दिली की उद्या प्रत्येक जण आपापली विहीर घेऊन उभा राहील, असं त्यांचं म्हणणं. मग माझ्याकडं वळले.

"तुम्ही सायन्सच्या पदवीधर. हे थरांचं प्रकरण तुम्ही शिकवलंत का यांना? तुम्हाला तरी हे पटतं?"

मला 'हो, दिवसाचं मीच सांगितलं' एवढं म्हणता आलं असतं. नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण खोलीत मी सोडून एकच शिकलेला माणूस होता आणि तो मला असलं भूगर्भशास्त्र चिकटवत होता. ते मला सोसलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "हे चूक आहे."

आणि तेवढ्यावर थांबले नाही. टेबलावरचं दानाचं पाकीट उलटं केलं, पेन घेतलं आणि आकृती काढली. काळा खडक खाली, तो आधीचा. जांभा वर, तो नंतरचा. आप्पांची मोजणी उलटी कशी, ते बाण काढून दाखवलं. सायन्स आणि तो अध्याय जुळत नाहीत, जुळवायला जाऊही नये, असंही सांगितलं. वर्गात बोलते तशी बोलले. चांगली बोलले.

"अगदी बरोबर," पाळक म्हणाले. "जुळवायला जाऊ नये."

त्यांचा अर्थ निराळा, माझा निराळा. जगातल्या दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर आमचं एकमत झालं नसतं. आप्पा चुकले यावर झालं. पंचांनी माना हलवल्या.

आप्पा त्या पाकिटाकडं बघत होते. "आन दिवस लांब असतोय, ते?"

"ते... तेव्हा तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं."

"मला बरं वाटाया," ते म्हणाले, "का तुला कालेजात जाया?"

बाहेर चपला घालायचे आवाज येत होते.

वाचन यापुढं शिकलेल्या माणसानं करावं असं ठरलं, आणि शिकलेलं माणूस म्हणजे मी. आता कुणालाही वाटेल, मी नाही म्हणाले असेन. मी हो म्हणाले. वाचन घरातल्या घरात तरी राहील, अशी समजूत मी घालून घेतली. खरं म्हणजे मला ते हवं होतं. लहानपणापासून हवं होतं. पहिल्या रविवारी मी आवाज लावून, एकही अडखळ न घेता वाचलं. दीड मिनिटात संपलं. पुस्तक मिटून वर बघितलं, तर आप्पा मागून दुसऱ्या बाकावर बसले होते आणि त्यांचं बोट मांडीवरच्या पुस्तकात अजून चालत होतं. अर्धा उतारा बाकी होता. मंडळी गाण्याला उठली तेव्हाही ते वाचतच होते.

सहा-सात महिन्यांनी मी वाचन सोडलं. कारण सांगितलं, शाळेचं काम. ते दुसऱ्या एका पदवीधराकडं गेलं. आप्पांना परत कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. ते दर रविवारी जातात. घरी शास्त्र वाचताना मी त्यांना त्यानंतर बघितलेलं नाही. चष्म्यातून अक्षर दिसत नाही म्हणतात. दोनदा बदलून आणला.

पाळकांवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. तरी त्यांना जे खरं वाटत होतं ते ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांपुढं बोलत होते. मला जे खरं वाटत होतं ते मी चुलीपुढं बोलले नाही, विहिरीच्या काठावर बोलले नाही. बोलले ते त्या खोलीत. तिथं ते बोलायला मला काहीही द्यावं लागणार नव्हतं.

यंदा आठवीला खडकांचा धडा होता. आता हातानं विहिरी कुणी खणत नाही, गाडी येते आणि दिवसात बोअर मारून जाते. मुलांनी जमिनीच्या आतला भाग कधी बघितलेला नाही. मी आप्पांना म्हणाले, शाळेत चला. मी नुसतं वाचलंय, तुम्ही आत उतरलाय. मुलांना थर सांगा.

ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. वर न बघता म्हणाले, "येतो की. आन माझ्या मागनं बरोबर काय ते कोण सांगणार? तू, का पाळकसाहेब?"

"कुणी काही सांगणार नाही, आप्पा."

"आसं कसं? सांगाय पायजे." आवाज साधा होता, टोमणा मारायचा नव्हता, म्हणून जास्त लागला. "पोरं हायती ती. त्यास्नी चुकीचं शिकवू ने."

शेंगांचं सूप त्यांनी माझ्याकडं सरकवलं. मी समोर बसून त्यांच्याबरोबर शेंगा फोडल्या. दुसऱ्या दिवशी धडा मी एकटीनंच शिकवला.