घरटी एक माणूस

माझं बूड एका जागी ठरत नाही, ही आईची जुनी तक्रार. त्या दिवशी मात्र तीच मला बसू देत नव्हती. खाडीच्या बांधाला भगदाड पडलं होतं आणि गावाच्या ग्रुपवर सकाळीच निरोप आला होता: घरटी एक माणूस, दुपारच्या भरतीआधी.

आमच्याकडे बांध गावकीचा. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. म्हणून प्रत्येक घरातून एकाने जायचं, हजेरी द्यायची आणि पाणी अडेपर्यंत हलायचं नाही. हजेरीत माणसांची नावं नसतात, घरांची असतात. गावकीतला म्हातारा पंच पुकारतो, विहिरीवरचं घर, देवळामागचं घर, आणि त्या घरचं माणूस 'हाय' म्हणून ओ देतं.

आमचं चिंचेखालचं घर. बाबा गेले त्या वर्षी बांध फुटला, तेव्हा गावकीने आम्हाला माफी दिली. घरात बाप्या नाही, तर पुकारायचंच नाही. सगळ्यांना ती दया वाटली, आईला ती झोंबली. घमेलं घेऊन ती बांधावर गेली आणि पुकारा संपल्यावर, कुणी न विचारता म्हणाली, "चिंचेखालचं घर हाय." तेव्हापासून दरवेळी तीच जायची.

आता तिचे गुडघे गेलेत. ती माझ्याकडे करंजाड्याला चौथ्या मजल्यावर असते. चिंच रस्त्यात गेली, घराला कुलूप आहे. पुण्याच्या भावाला फोन केला, तर म्हणाला, बघतो. त्याचं 'बघतो' मला चांगलंच ठाऊक आहे. ऑफिसच्या कपड्यांतच निघाले, रिक्षावाल्याशी हुज्जत घातली, शेवटचा कच्चा रस्ता जवळजवळ पळत काढला. पोचले तेव्हा पुकारा सुरू झाला होता.

"चिंचेखालचं घर."

मी तोंड उघडायच्या आत रांगेतली एक अनोळखी बाई म्हणाली, "हाय."

भावाने परस्पर मजुरी पाठवून बदली माणूस लावलं होतं. निम्म्या घरांनी तेच केलं होतं. वीटभट्टीवरची, डोंगराकडची माणसं कधी न पाहिलेल्या घरांच्या वतीने ओ देत होती. माझं डोकंच फिरलं. भावाला फोनवर चार शब्द सुनावले आणि तरातरा त्या बाईसमोर जाऊन उभी राहिले. तिला काय सुनावणार होते, देव जाणे. तिने माझ्या कपड्यांकडे एकदा पाहिलं आणि चिखलाचं भरलेलं घमेलं माझ्या हातात दिलं.

मग आम्ही शेजारीशेजारीच उभ्या राहिलो. दर पाच मिनिटांनी माझा पाय पाणी बघायला उचलायचा, की ती पुढचं घमेलं पुढे करायची. तिचं घर कुठे, असं मी विचारलं.

"घर नाय. भट्टीवर खोप हाय," ती म्हणाली. "पाऊस लागला का ती बी नाय."

भगदाड बुजलं. भरतीचं पाणी बांधाला लागून थांबलं, तेव्हा मला भर माणसांत रडू आलं. काम संपलं की पुन्हा पुकारा होतो, मधेच कुणी पळालं नाही ना, हे बघायला. चिंचेखालच्या घराला आम्ही दोघींनी एकदमच ओ दिली. म्हातारा पंच हसला आणि पुढच्या घराकडे वळला.

आई दारातच वाट बघत होती. आपल्या घराच्या दोघी होतो, असं सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. तुझा बापूस होता तेव्हाही एकच जायचा, म्हणाली आणि गुडघे विसरून चहा टाकायला निघाली. मग वळून तिने विचारलं, दुसरी कोणत्या घरची?

मी सगळं सांगितलं. भावाची मजुरी, भट्टी, खोप.

"आन तिला पुकारलं कशानं?"

"आपल्या घराच्या नावाने."

आई स्टुलावर बसली. चहाचं पातेलं तसंच हातात होतं.

"म्हंजे तिला कोनी पुकारलंच नाय," ती म्हणाली.