पूर ओसरल्यानंतरची भिंत

वैनगंगेला मोठा पूर आला त्या वर्षी आमची लष्करी इंजिनिअर कंपनी भंडाऱ्यात पोहोचली. मी हवालदार होतो आणि याच जिल्ह्यातला, म्हणून सिव्हिलशी, म्हणजे तहसील-कलेक्टर कचेरीशी, बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिले दिवस बोटींचे. माणसं काढली, धान्य पोहोचवलं.

पाणी ओसरलं आणि खरी कटकट सुरू झाली. नदीकाठच्या वस्तीतल्या मातीच्या भिंती अर्ध्या पडलेल्या, अर्ध्या फुगलेल्या. छपरासाठीचे सरकारी पत्रे शाळेच्या पटांगणात थप्पी लावून पडले होते. वस्तीतल्या सखूबाईनं तर आपल्या घराच्या फुगलेल्या भिंतीलाच ताडपत्री बांधून सासूला खाली निजवलं होतं. पुरात या म्हातारीला आमच्या नाईक बाळू मोहितेनं खांद्यावर बोटीत आणलं होतं. तो साताऱ्याकडचा. तिला आजी म्हणायचा.

"बाई, भिंत पाडून टाकतो. सासूवर पडन," मी सखूबाईला म्हणालो.

"पाडू नोका जी. पटवाऱ्यानं पाहिल्याबिगर पाडली, त मदत कशी भेटन?"

शेवटी पटवारी आला. पंचनामा झाला, भिंत पाडायचा हुकूमही निघाला. पण पाडणार कोण? ते काम सिव्हिलचं, आणि वस्तीत एक मजूर शिल्लक नव्हता. पुरानं भाताची रोवणी वाहून गेली होती, आणि उरलेले परे, म्हणजे रोपं, लावायला गावंच्या गावं भाताच्या बांध्यांत उतरली होती. मी माणसं मागायला शेजारच्या कारध्याला गेलो. चिखलात वाकलेल्या बाईनं मानसुद्धा वर केली नाही.

"घर मंग होईन, भाऊ. परे सडून राहिले. धान गेलं त खाऊ काय?"

तिचं काही चुकत नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. परत येऊन वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, धोक्याची भिंत आहे. आम्हीच पाडतो. ओव्हर."

"निगेटिव्ह. खासगी मालमत्ता. सिव्हिलची लेखी मागणी येईपर्यंत हात लावू नका. ओव्हर."

मोहिते शेजारीच होता. "साहेब, यापेक्षा शत्रू परवडला," म्हणाला.

मी सखूबाईला पुन्हा म्हटलं, आता तरी शाळेतल्या छावणीत चला.

"पत्रे वाटून राहिले म्हणतेत. घरी नाही दिसलो, त दुसऱ्याले देतीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी भुरभुर पाऊस होता. आम्ही सखूबाईच्या गल्लीतला गाळ काढत होतो. भिंतीतून माती सुटल्याचा आवाज आला. मोहिते फावडं टाकून धावला. त्यानं म्हातारीला खाटेसकट बाहेर ढकललं. त्याला स्वतःला निघता आलं नाही.

त्या वेळी माणसं कमी पडली नाहीत. जवळच्या बांध्यांतून बायाबाप्ये चिखलाच्या पायांनी धावत आले आणि हातांनी माती उपसू लागले. मोहिते सापडला तेव्हा गेलेला होता. म्हातारी त्याचा बूट धरून बसली होती, सोडेना. लेखी मागणी संध्याकाळी आली. मी ती सही करून घेतली, आणि आणणाऱ्या शिपायावर उगीचच ओरडलो.

मोहितेला साताऱ्याकडं घरी पोहोचवायला मीच गेलो. वडील शेतकरी. सगळं उरकल्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"पानी तर वसरलं हुतं म्हनं. मग पोरगं कशानं गेलं?"

मी भिंतीचं सांगितलं.

"तुमच्याकडं भिंत पाडाय मानसं न्हवती व्हय?"

"होती," मी म्हणालो. "सगळी आपापल्या कामात होती."