घर पाहून घेतलेली गाडी

भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे. लोक नवं भांडं न्यायला येतात आणि जुनं मोडीत टाकून जातात. मोडीचा ढीग कधी वाढला ते कळतही नाही. आमच्या तिघांच्या प्रवासाचे किस्से तसेच साठले आहेत. मी रोज डायरी लिहितो, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे. बाकीचे दोघं ऐकतात आणि मधेमधे "असं नव्हतं गा" म्हणतात.

दोघं म्हणजे देवानंद आणि मोरेश्वर, शाळेपासूनचे दोस्त. देवा चिखल्याच्या मँगनीज खाणीत मेकॅनिक होता, नुकताच रिटायर झाला. मोरेश्वरची आंबागडला धानाची शेती.

देवाची सगळी नोकरी जमिनीच्या पोटात गेली. आता त्याला एकच हवं होतं: एक अख्खा देश, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, उन्हात, मोटारसायकलवर. त्याने व्हिएतनाम निवडला. तिथे लोक उत्तरेला हनोईत जुनी गाडी घेतात आणि दक्षिणेला सायगॉनला जाऊन विकतात. कागदपत्रं त्यानेच दोन महिने खपून जमवली. अट फक्त एक. गाडी एक किलोमीटरसुद्धा ट्रकवर चढवायची नाही.

"ट्रकवर टाकली का संपलं," तो म्हणाला. "मंग एसटीनंच जाऊ ना."

*

देवाच्या घरी ही बातमी मी सांगायची असं ठरलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"अंगणात दोन गाड्या उभ्या आहेत," त्या म्हणाल्या, "आन हे तिसरी घ्याले इमानात बसून चालले?"

मी म्हटलं, "वहिनी, परत येताना ती विकूनच येणार आहोत."

"मंग घेता कायले?"

डायरीत हा प्रश्न लिहून उत्तरासाठी खाली जागा सोडली आहे.

*

हनोईच्या दुकानात जुन्या गाड्यांची रांग लागली होती. मोरेश्वर पुढे झाला. "गाडीची जिम्मेदारी माझी. देवाले शेवटपर्यंत पोचवंल अशीच घेतो."

आजवर त्याने घेतले ते बैल. त्याने इंजिन सुरूच करायला सांगितलं नाही. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, सीटवरून हात फिरवला, मागे उकिडवं बसून चाल पाहिली. त्यासाठी दुकानदाराला ती नुसती ढकलत न्यायला लावली, वळवून परत आणायला लावली. मग त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि दुपट्ट्याखाली त्याची बोटं धरली. आमच्याकडे बैलबाजारात भाव असाच ठरतो. बोटं दाबून, बघ्यांना कळू नये म्हणून.

दुकानदार घाबरला. मग हसला. मग त्यानेही बोटं दाबली. बराच वेळ चाललं ते. शेवटी दोघांनी समाधानाने मान हलवली.

"कितीत झाला?" देवाने विचारलं.

मोरेश्वर म्हणाला, "ते त्याले विचार."

*

पण गाडी लगेच मिळाली नाही. तिच्या नोंदणीच्या कार्डावर एका बाईचं नाव होतं, न्गुयेन थी होआ, आणि खाली एका गावाचा पत्ता. मोरेश्वर अडून बसला.

"घर पाहिल्याशिवाय मी जनावर घेत नाई."

दुकानदाराने मोबाइलमधून भाषांतर करून सांगितलं की गाडी त्यानंतर कितीतरी हातांतून गेली, त्या पत्त्यावर आजवर कोणी गेलेलं नाही.

"म्हणूनच जाऊ," मोरेश्वर म्हणाला.

गेलो. दुकानदारच ती गाडी काढून आम्हाला घेऊन गेला. तळ्याच्या काठी छोटं घर, दारात एक म्हातारी भाजी निवडत बसलेली. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही, गाडीकडे पाहिलं. आत गेली, ओलं फडकं घेऊन आली आणि आधी दिवा पुसला, मग सीट. पुसता पुसता खूप बोलली. मोबाइलमधून एकच वाक्य निघालं: "चढावर तिला घाई करू नका."

मोरेश्वर तोवर गाडी उभी राहायची ती मागची पडवी पाहून आला. "जागा कोरडी आहे. घे गा, देवा."

तेव्हापासून गाडीचं नाव होआबाई. दुसऱ्या, भाड्याने घेतलेल्या गाडीवर मोरेश्वर आणि मी. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती कधी बिघडलीच नाही.

*

हनोईच्या खाली दोन्ही बाजूंना धानाची रोवणी चालली होती. मोरेश्वरने गाडी थांबवली आणि बांधावर उभा राहून लागला सांगायला, ओळ अशी धरा, दाट लावू नका. घरीही तो हेच करतो. रोवतात बाया, बोलतो हा.

चिखलातल्या एका बाईने त्याच्या हातात रोपांची जुडी दिली आणि खाली बोट दाखवलं. मोरेश्वर पँट वर करून उतरला. त्याची ओळ इतकी वाकडी गेली की बाया हसून बांधावर बसल्या.

"हे घरी सांगजो नको," तो मला म्हणाला.

मी सांगितलं नाही. पण डायरी त्याच्या बायकोने मागून नेली आणि वाचली. यंदाच्या रोवणीत मोरेश्वर बांधावर दिसला नाही. खाली होता.

*

मध्यावरच्या एका घाटात होआबाईची ॲक्सिलरेटरची तार तुटली. गाव लांब होतं. एक ट्रक आपणहून थांबला. ड्रायव्हर खाली उतरून मागची फळी पाडायला लागला. तो इतक्या प्रेमाने करत होता की नाही म्हणणं जिवावर आलं होतं.

मोरेश्वर हळूच म्हणाला, "देवा, घाटापुरतीच टाकू. कोण पाहून राहिलं?"

"हा लिहून राहिला ना," देवाने माझ्याकडे बोट केलं.

त्याने ड्रायव्हरला हात जोडले. मग माझ्या डायरीला बांधलेली नायलॉनची दोरी सोडली, एक टोक कार्बोरेटरला बांधलं, दुसरं हातात धरलं. दोरी ओढली की गाडी पळायची, सोडली की थंड व्हायची. असा त्याने अख्खा घाट काढला, चढावर अजिबात घाई न करता.

मोरेश्वर मागून ओरडत होता, "आता कासरा बरोबर धरला, गा!"

*

सायगॉनला पोचलो त्या दिवशी देवा गाडीवरून उतरायलाच तयार नव्हता. आम्ही चहा घेतला, त्याने बसल्या बसल्या घेतला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. बेल्जियमची एक उंच मुलगी, उत्तरेकडे निघालेली. देवाने तिला गाडीचा प्रत्येक नट दाखवला. दोरी तशीच ठेवली, सवयीची झाली म्हणून.

मोरेश्वर मला बाजूला घेऊन म्हणाला, "कागद काढ. माह्या घरचा पत्ता लिही."

"काहून?"

"कोणाले घर पाहाचं असंल तर?"

मी इंग्रजीत लिहिलं, गाडी घेण्याआधी घर पाहायचं असेल तर इथे या. जवळच्या तुमसरच्या बस स्टँडपासून नकाशा काढला, तलावाची पाळ, पाळीवरचं चिंचेचं झाड, निळं दार. प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याने तो सीटखाली ठेवला. देवा दिवसभर त्याला हसला.

*

दिवाळीनंतर एका दुपारी मोरेश्वरचा फोन आला. "दुकान बंद कर. देवाले घेऊन ये."

आम्ही आंबागडला पोचलो तेव्हा निळ्या दारासमोर खाटेवर एक गोरा माणूस बसला होता, आमच्याच वयाचा, पाठीवरची पिशवी अजून न उतरवलेला. हातात माझ्या अक्षरातला कागद, ऑइलने पिवळा पडलेला. त्या मुलीकडून ती गाडी त्याने हनोईत, आमच्याच त्या दुकानात, घेतली होती आणि आता परत सायगॉनला नेणार होता. पैसे दिले होते, पण गाडी दुकानातच ठेवून आला होता. आधी इकडे यायचं म्हणून.

देवाने त्याला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला म्हणाला, "त्याले विचार, त्या पोरीनं ट्रकवर टाकली होती काय?"

मी विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि खिशातून फोटो काढला. हनोईच्या त्याच दुकानासमोर होआबाई उभी होती आणि हँडलला माझ्या डायरीची दोरी होती.

देवा फोटो घेऊन उन्हात गेला.

मोरेश्वरने पाहुण्याचा हात धरून त्याला उठवलं. "चाल, बापू," तो म्हणाला, "पहिले गोठा पाहून घे."